'मी सीबीआयमधून बोलतोय': तोतया अधिकाऱ्यांच्या फोनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ता, हे वाचत असतानाच, असा कॉल चालू आहे. काय करू?

कट करा. परवानगी मागू नका, 'एक मिनिट साहेब' म्हणू नका. हवं तर फोन बंद करून ठेवा. मग घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला जाऊन सांगा की मला असा असा फोन आला होता. पैसे पाठवून झाले असतील तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. बाकीचं नंतर सावकाश वाचा.

'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही आहे का?

नाही. व्हिडिओ कॉलवर 'तुम्ही अटकेत आहात' असं सांगून माणसाला घरातच अडकवून ठेवतात, त्याला हे नाव पडलंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कायद्यात अशी अटक नव्हती, नव्यातही नाही. अटक करायची तर पोलिसाला तुमच्यासमोर यावं लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं, तुमच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. ही २४ तासांची अट तर थेट राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने आधी दंडाधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन परवानगी घ्यायची असते.

आता फोनवरचा माणूस काय म्हणतो ते याच्या शेजारी ठेवून पाहा. कायदा म्हणतो, घरच्यांना कळवा. हा म्हणतो, घरच्यांना कळलं तर त्यांनाही आत टाकीन. एवढी एक विसंगती पुरेशी आहे.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या प्रकाराबद्दल सांगितलं, मोबाइल कंपन्यांनी कॉलर ट्यूनवर महिनोन्‌महिने इशारे वाजवले. तरीही माणसं अडकतात, कारण इशारा ऐकताना आपण शांत असतो आणि तो फोन येतो तेव्हा नसतो.

हा कॉल नेमका कसा चालतो?

पहिला आवाज बऱ्याचदा यंत्राचा असतो. 'तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी ९ दाबा.' नाहीतर कुरिअर कंपनीच्या नावाने कुणी बोलतं: तुमच्या नावे परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ, पासपोर्ट आणि सिमकार्डं सापडली आहेत. तुम्ही म्हणता, मी असलं काही पाठवलेलं नाही. इथे पलीकडचा माणूस चक्क तुमची बाजू घेतो. 'मग कुणीतरी तुमच्या आधारचा गैरवापर केलाय. तुम्ही लगेच तक्रार द्या. थांबा, मी मुंबई पोलिसांना जोडून देतो.'

सगळ्या नाटकातला कसबी भाग हाच. पोलिसांना फोन तुम्ही लावलेला नसतो, पण मनात मात्र ठसतं की आपण तक्रारदार आहोत, आपल्याला मदत मिळते आहे. तक्रारदाराचा आरोपी व्हायला पुढे दहा मिनिटंही लागत नाहीत. 'अहो, तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून मनी लॉन्डरिंग झालंय.' मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. समोर गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, अधूनमधून वायरलेसची खरखर. एक अधिकारी ओरडणारा, दुसरा समजूतदार. समजूतदार म्हणतो, 'तुम्ही सज्जन दिसता, मी वरिष्ठांशी बोलून बघतो.'

मग नियम येतात. कॅमेरा सतत चालू ठेवायचा. खोलीचं दार लावायचं. दुसरा कुठलाही फोन घ्यायचा नाही. प्रकरण गोपनीय आहे. झोपतानाही मोबाइल उशाशी, तोंड कॅमेऱ्याकडे. या अवस्थेत लोक दिवसच्या दिवस, काही जण आठवडे काढतात. 'जबाब' म्हणून मुदतठेवी, म्युच्युअल फंड, दागिने, भविष्य निर्वाह निधी यांची यादी काढून घेतली जाते आणि शेवटी 'पडताळणीसाठी' पैसे वळते करायला सांगतात.

२०२४ मध्ये पंजाबातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ज्येष्ठ अध्यक्षांपुढे तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणीच भरवली. सरन्यायाधीशही तोतया. सात कोटी रुपये गेले.

एवढी शिकली-सवरलेली माणसं फसतात कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा उपहास असतो आणि तो गैरलागू आहे. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त बँक अधिकारी, संगणक अभियंते, सगळे या यादीत आहेत. माझ्या मते शिक्षणाचा इथे उलटाच परिणाम होतो. ज्याने आयुष्यभर कर वेळेवर भरला, रांग मोडली नाही, सरकारी कागद आला की लगेच उत्तर दिलं, त्याला 'तपासाला सहकार्य करत नाही' हा शिक्का सहन होत नाही. अट्टल माणूस असा फोन आला की दोन शिव्या हासडून ठेवून देतो.

दुसरं कारण एकटेपणा. तो त्यांनी घडवून आणलेला असतो. भीती तशी प्रत्येकाला वाटते, पण ती दुसऱ्याला बोलून दाखवली की बायको म्हणते, 'काहीतरीच काय, पोलीस असे फोन करतात होय?' आणि फुगा फुटतो. म्हणून तर दार लावायला सांगतात. रक्कम, खाते क्रमांक, वॉरंट हे सगळं पुढचं. त्यांना आधी हवं असतं ते तुमचं कुणाशीही न बोलणं. कॉल तासन्‌तास सुरू ठेवायचा तोही त्यासाठीच. मध्ये दहा मिनिटं शांतता मिळाली तर माणूस विचार करायला लागतो.

त्यांना माझं नाव, पत्ता, आधार क्रमांक कसा ठाऊक?

कारण तो फारसा गुप्त राहिलेला नाही. हॉटेल, सिमकार्डाचं दुकान, भाडेकरार, कर्जाचे अर्ज, दर ठिकाणी आपण आधारची झेरॉक्स ठेवून आलो आहोत. त्यात कंपन्यांकडून फुटलेल्या याद्या विकल्या जातात. तेव्हा समोरच्याला तुमचा आधार क्रमांक पाठ असणं हा तो अधिकारी असल्याचा पुरावा नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं आणि बऱ्याच ठिकाणी बारा आकडी क्रमांकाऐवजी सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी देता येतो. तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं आणि अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो.

आणि ते खरेच पोलीस असले तर? फोन ठेवला म्हणून गुन्हा दाखल होईल?

अनोळखी माणसाचा फोन ठेवणं हा गुन्हा नाही. खऱ्या पोलिसाला तुमची चौकशी करायची असेल तर तो नोटीस देतो. अटकेऐवजी हजर राहायला सांगणारी नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली निघते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोलिसांनी ही नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावू नये.

पोलीस ठाण्यातून साधा फोन येऊ शकतो, हे खरं. पासपोर्टच्या पडताळणीसाठी येतो, साक्षीदार म्हणून बोलावतात, हरवलेला मोबाइल सापडला तरी कळवतात. असा फोन आला तर नाव, हुद्दा, पोलीस ठाणं विचारा आणि सांगा, 'मी ठाण्यात येऊन भेटतो.' खरा हवालदार म्हणेल, 'या.' तोतया लगेच चिडतो, कारण तुम्ही घराबाहेर पडलेलं त्याला परवडत नाही. ठाण्याचा नंबर स्वतः शोधायचा, तोही शक्यतो सरकारी संकेतस्थळावरून. त्यानेच दिलेल्या नंबरावर खात्री करायला गेलात तर त्याच टोळीतला दुसरा माणूस फोन उचलेल.

व्हॉट्सॲपवर वॉरंट आलंय. शिक्का, सही, अशोकस्तंभ, सगळं आहे.

शिक्का आणि बोधचिन्ह कुणालाही छापता येतं. पूर्वी अशा कागदांत शुद्धलेखनाच्या ढोबळ चुका असायच्या आणि लोक त्यावरून ओळखायचे. तो काळ गेला. आता कागद अगदी देखणे असतात, तेव्हा 'चूक दिसत नाही म्हणजे खरा' असा निष्कर्ष काढू नका. हरयाणातल्या अंबाला इथल्या एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडलं गेलं, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

कागद तपासायचा तर त्याच्या दिसण्यावर जाऊ नका, तो कुठल्या नोंदीत आहे ते बघा. आयकर खात्याच्या पत्रावर ऑक्टोबर २०१९ पासून आणि कस्टम्स-जीएसटीच्या बहुतेक पत्रांवर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून दस्तऐवज ओळख क्रमांक म्हणजे 'डीआयएन' असतो. तो त्या त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. ईडीच्या समन्सवरही आता पडताळणीसाठी क्यूआर कोड असतो. स्कॅन केल्यावर उघडलेलं पान ईडीच्याच संकेतस्थळाचं आहे ना, एवढं पाहायचं. एवढी खटपट करायची नसेल तर कागद घेऊन सरळ ओळखीच्या वकिलाकडे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

'पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ठेवा, तपासणी झाली की परत येतील.' हे खरं असू शकतं का?

नाही. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाची खाती ठेवत नाही आणि कुणाचे पैसे 'स्वच्छ आहेत का' हे तपासायला मागवून घेत नाही. तपास यंत्रणेला तुमच्या खात्याबद्दल खरंच संशय असेल तर ती बँकेला पत्र देते आणि बँक खातं गोठवते. पैसा असतो तिथेच राहतो. तो दुसरीकडे हलवायला सांगणारा प्रत्येक माणूस चोर, याला अपवाद नाही.

ज्या खात्यात पैसे टाकायला सांगतात त्याचं नावही बघा. ते कुठल्या तरी 'एंटरप्रायझेस'चं किंवा 'ट्रेडर्स'चं निघतं. विचारलंत तर 'ते गुप्त सरकारी खातं आहे' असं उत्तर तयार असतं. बँकेत जाऊन आरटीजीएस करायचं असेल तर काय खोटं बोलायचं तेही पढवतात: 'काउंटरवर विचारलं तर सांगा, फ्लॅट घेतोय.' सरकार तुम्हाला बँकेशी खोटं बोलायला लावेल का, हा प्रश्न त्या क्षणी सुचायला हवा. म्हाताऱ्या ग्राहकाचा चेहरा पाहून कर्मचाऱ्याने चौकशी केली आणि पैसे वाचले, असं देशभरात बऱ्याच शाखांत घडलं आहे. तेव्हा खिडकीवरच्या माणसाने 'कशासाठी?' विचारलं तर रागावू नका.

ट्राय, वीज कंपनी, आरटीओ यांच्या नावाने येतं ते?

ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था आहे, ती कुणाचं सिम बंद करत नाही. 'मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडू, या अधिकाऱ्याला फोन करा' हा संदेश खासगी मोबाइल नंबरावरून येतो आणि नेहमी रात्रीचीच वेळ देतो. बिल भरलंय का, ते कंपनीच्या ॲपवर बघा आणि संदेश पुसून टाका. आरटीओ चलानच्या नावाने फाइल आली आणि तिच्या शेवटी 'एपीके' असेल तर उघडू नका. ती पावती नसून ॲप असतं आणि एकदा बसलं की तुमचे एसएमएस वाचतं.

नंबर +९१ चा होता, ट्रूकॉलरवर 'पोलीस' असं नावही आलं. तरी खोटा?

असू शकतो. ट्रूकॉलरवरची नावं लोकांनीच भरलेली असतात. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबराच्या रूपात दाखवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि असे कॉल अडवण्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. ती उपयोगी आहे, पण भारतातल्याच सिमवरून आलेल्या कॉलला ती काही करू शकत नाही. बँकांच्या व्यवहारविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवली आहे, जाहिरातींसाठी १४०. त्यामुळे 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलत असेल तर सावध व्हा. नंबर बरोबर दिसतो म्हणून विश्वास टाकणं मात्र कुठल्याच मालिकेबाबत नको.

मी ओटीपी कुणालाच देत नाही. मग मला काय होणार?

ओटीपीची शिकवण चांगली रुजली, पण चोरांनी वाट बदलली. डिजिटल अरेस्टमध्ये ओटीपी लागतच नाही, पैसे तुम्हीच पाठवता. 'मदत करतो' म्हणून एनीडेस्कसारखं, तुमचा फोन दुरून बघू देणारं ॲप घ्यायला लावलं किंवा व्हॉट्सॲपवर स्क्रीन शेअर करायला लावली की ओटीपी न सांगताही त्यांना दिसतो. *४०१* लावून पुढे त्यांचा नंबर दाबायला सांगितला तर तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात. हा कोड वापरून कॉल वळवण्याची सोय सरकारने कंपन्यांना एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली. तरी फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग बंद आहे ना, ते एकदा पाहून घ्या.

मुलाच्या आवाजात फोन आला, 'बाबा, मला पकडलंय.' आवाज त्याचाच होता.

आवाजाची नक्कल आता संगणक करतो आणि समाजमाध्यमांवरचा छोटासा व्हिडिओही त्याला पुरतो. रडका, तुटक आवाज ऐकू आला की आपण उरलेली ओळख मनानेच भरून काढतो. कॉल ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरावर लावा. उचलला नाही तर त्याच्या मित्राला, खोलीतल्या जोडीदाराला, कॉलेजला. घरात एक खूण-शब्द ठरवून ठेवला तर उत्तम. तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लिहू नका.

पैसे गेले. आता?

१९३० हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथली तक्रार थेट बँकांपर्यंत पोहोचते आणि पुढच्या खात्यात पैसे असतील तर ते अडवले जातात. चोरीचा पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. काही मिनिटांत तो भाड्याने घेतलेल्या पाच-दहा खात्यांत वाटला जातो, मग रोख किंवा क्रिप्टो होतो. म्हणून 'आधी घरच्यांना कसं सांगू' यात गेलेला तास महागात पडतो. हाताशी ठेवा: कुठल्या खात्यातून, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि पैसे गेले ते खातं. लाइन व्यग्र असेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा आणि त्याच वेळी स्वतःच्या बँकेलाही कळवा. मिळालेला पोचक्रमांक जपून ठेवा.

मग पोलीस ठाणं. 'हे आमच्या हद्दीत नाही' असं ऐकावं लागलं तर शांतपणे सांगा की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. चॅट, कॉलची नोंद, पाठवलेले खोटे कागद यांतलं काही पुसू नका. रागाच्या भरात लोक नेमकं तेच आधी पुसतात.

पैसे परत मिळतात का?

अडवले गेले असतील तर मिळू शकतात, बहुधा न्यायालयाच्या आदेशाने आणि वेळ घेऊन. पुढे निघून गेले असतील तर कठीण. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशभरातून २२,८४५ कोटींहून अधिक रुपये गेल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं आहे. त्यातला मोठा भाग परत आलेला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा दाखला लोक देतात: तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही. ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. दबावाखाली का होईना, तुम्ही स्वतः पाठवलेल्या पैशाला बँका तो नियम लावत नाहीत. तरीही बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

यानंतर एक दुसरा फोन येण्याची शक्यता असते: 'आम्ही सायबर सेलमधून, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी भरा.' हीही तीच जमात.

आई-वडिलांना कसं समजवायचं? ते म्हणतात, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?

व्याख्यान देऊ नका आणि बातमीतल्या फसलेल्या माणसाला त्यांच्यासमोर मूर्ख म्हणू नका. तुमचं ते वाक्य त्यांच्या लक्षात राहतं आणि वेळ आली की ते तुमच्यापासूनच लपवतात. त्यापेक्षा घरचा एक नियम करा: पैशांच्या बाबतीत फोनवर कुणीही घाई केली की आधी मुलीला फोन, मग बाकी सगळं. नियम तुम्हीही पाळा. मोठी रक्कम पाठवताना तुम्ही त्यांना कळवलंत तर त्यांना पाळत ठेवल्यासारखं वाटणार नाही.

बँकेत जाऊन दोन गोष्टी करता येतात. ऑनलाइन पाठवण्याची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्यायची आणि मुदतठेव मोबाइलवरून मोडता येणार नाही अशी सोय बँक देत असेल तर ती घ्यायची. शाखेत जाऊन ठेव मोडावी लागली तर मध्ये अर्धा दिवस जातो आणि तेवढ्या वेळात बरंच काही वाचतं.

दिवसा त्यांचा फोन सतत व्यग्र लागला, बोलताना ते तुटक वाटले किंवा नेहमीच्या वेळी घराबाहेर दिसले नाहीत तर शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगा. बेल वाजल्यामुळे कॉल तुटला आणि माणूस भानावर आला, असं खरंच घडतं.

कुणी मित्र म्हणतो, तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पैसे देतो. काय हरकत आहे?

तुमचं खातं चोरीचा पैसा फिरवायला वापरलं जाईल आणि पोलीस सगळ्यांत आधी तुमच्या दारात येतील. खऱ्या गणवेशात.

माझे पैसे गेले नाहीत. तरी कळवू? की त्याला बोलण्यात गुंतवून फिरकी घेऊ?

कळवा. संचार साथीवरच्या 'चक्षू' सुविधेत संशयित कॉल आणि संदेशांची नोंद करता येते. अशा नोंदींवरून नंबर बंद केले जातात. कॉल आल्याची तारीख, वेळ आणि शक्य असेल तर स्क्रीनशॉट लागतो.

फिरकी घेण्याचे व्हिडिओ बघायला मजेदार असतात, पण व्हिडिओ कॉलवर गेलात की तुमचा चेहरा, आवाज आणि घराची भिंत त्यांच्याकडे जमा होते आणि नंबर चालू आहे हेही कळतं. शिवाय पलीकडे कोण बसलंय याचा भरवसा नाही. कंबोडिया, म्यानमार, लाओस इथल्या ठगीच्या अड्ड्यांवर नोकरीच्या आमिषाने नेलेली भारतीय मुलं होती. पासपोर्ट काढून घेऊन, मारहाण करून त्यांच्याकडून हे कॉल करून घेतले जात होते आणि त्यांतल्या अनेकांना सरकारने सोडवून आणलं आहे. परदेशात 'डेटा एन्ट्री'ची, राहण्या-खाण्यासकट गलेलठ्ठ पगाराची नोकरी कुणी घरातल्या मुलाला देऊ करत असेल, तर त्या एजंटाचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत आहे का, ते तिकीट काढण्याआधी तपासा.